फिका पडलेला डिस्प्ले: ओव्हन, इंडक्शन आणि वजनकाट्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर, नाशिकरोड, सिडको-सातपूर आणि आसपासच्या तालुक्यांतून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सोपे प्रश्न आधी आहेत, अडनिडे शेवटी. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आकड्यातल्या एकेका उजळणाऱ्या रेघेला इथे ‘काडी’ म्हटलं आहे. आठचा आकडा अशा सात काड्यांचा बनतो.

१. आकडे फिके दिसतात म्हणजे डिस्प्लेच गेला का?

बहुतेक वेळा नाही. डिस्प्ले हा साखळीतला शेवटचा दुवा. त्याच्या मागे वीजपुरवठा, कॅपॅसिटर (वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारा भाग), जोडपट्टी (दोन कार्डं, म्हणजे सर्किटच्या पाट्या, जोडणारी तारांची पट्टी), ट्रान्झिस्टर (आकडा चालू-बंद करणारा बारीक स्विच) असं बरंच काही असतं आणि पुढे काच किंवा प्लास्टिकचा पडदा असतो. यातलं काहीही बिघडलं तरी डोळ्याला दिसतं ते एकच: आकडे मंद.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी आकडे कशा पद्धतीने फिके झालेत ते नीट बघा. स्वयंपाकघरातला दिवा बंद करा आणि दोन मिनिटं निरखा. सगळे आकडे, ठिपके आणि चित्रं सारखीच मंद असतील तर संशय वीजपुरवठ्यावर. एकच आकडा पूर्ण मंद आणि बाकीचे ठीक असतील तर त्या आकड्याच्या ट्रान्झिस्टरवर किंवा टाक्यावर, म्हणजे सोल्डरच्या सांध्यावर. प्रत्येक आकड्यातली तीच काडी, उदाहरणार्थ मधली आडवी, मंद असेल तर त्या काडीच्या लाइनवर. आणि रोज पेटणाऱ्या काड्या मंद, पण क्वचित पेटणारं चित्र ठळक असेल तर डिस्प्ले खरोखर झिजला आहे. एवढं सांगता आलं तरी मेकॅनिकचं अर्धं काम झालेलं असतं.

२. माझ्याकडे कुठल्या प्रकारचा डिस्प्ले आहे हे कसं ओळखू?

घरात तीन प्रकार सापडतात.

आकडे निळसर हिरवे, स्वतः प्रकाशणारे आणि बंद असताना काचेच्या आत केसाएवढ्या बारीक आडव्या तारा दिसत असतील तर तो व्हीएफडी, म्हणजे निर्वात काचनळीचा डिस्प्ले. जुन्या आणि मध्यम वयाच्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये हाच असतो.

आकडे लाल, पांढरे किंवा निळे, जाड काड्यांचे आणि बंद केल्यावर काळ्या काचेत पूर्ण लपणारे असतील तर एलईडी. इंडक्शन शेगडी, एअर फ्रायर, इलेक्ट्रिक कुकर, नवे ओव्हन यांत हाच दिसतो.

करड्या पार्श्वभूमीवर काळे आकडे असतील, किंवा मागून निळा-पांढरा उजेड येत असेल, तर एलसीडी. वजनकाटा, टायमर, फ्रिजच्या दारावरचं पॅनेल. वाकडं बघितल्यावर आकडे बदलतात, ही त्याची खूण.

३. दिवसा ओव्हनचं घड्याळ दिसत नाही, रात्री मात्र छान दिसतं. बिघाड आहे का?

आधी पुसून बघा. फोडणीचा धूर आणि तळणाची वाफ पॅनेलवर बसून पिवळसर थर होतो. तो इतका हळू चढतो की घरच्यांच्या लक्षात येत नाही. एक कप कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, मऊ सुती फडकं बुडवून घट्ट पिळा आणि वरून खाली पुसा. मग साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडं करा. पाणी किंवा स्प्रे थेट पॅनेलवर मारू नका, बटणांच्या कडेतून ते आत उतरतं. प्लग काढलेला असू द्या.

थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर आणि घासणीची खरखरीत बाजू लावायची नाही. आकड्यांवरचा पडदा प्लास्टिकचा असतो. या गोष्टींनी तो दुधट होतो आणि तो दुधटपणा परत जात नाही. तसं झालं असेल तर डिस्प्ले ठीक असूनही वरचं पॅनेल बदलावं लागतं.

आणखी एक गोष्ट, हसू येईल पण तपासाच: कारखान्यातून लावून आलेली पारदर्शक फिल्म अजून चिकटलेली आहे का? वस्तू नवी राहावी म्हणून ती पाच-पाच वर्षं तशीच ठेवतात. खाली तेल शिरतं, फिल्म पिवळी पडते आणि दोष डिस्प्लेला जातो.

पुसूनही दिवसा दिसत नसेल तर व्हीएफडीसाठी प्रश्न ७ आणि एलईडीसाठी प्रश्न ९ पाहा.

४. ओव्हन नवाच आहे, तरी आकडे मंद आहेत किंवा थोड्या वेळाने गायब होतात.

हा बहुधा बचतीचा मोड. काही मिनिटं बटण दाबलं नाही की उजेड कमी होतो किंवा घड्याळ बंद होतं. काही मॉडेलमध्ये उजेडाच्या पायऱ्याही असतात. बटणांची जोडी प्रत्येक कंपनीची वेगळी, त्यामुळे माहितीपुस्तिकेतच बघा. कुठलंही बटण दाबल्यावर आकडे लगेच ठळक होत असतील तर काही बिघडलेलं नाही.

५. ओव्हन सुरू केला की आकडे मंद होतात, थांबला की पुन्हा नीट. का?

हा दोष बहुतेकदा ओव्हनचा नसून भिंतीतल्या वायरिंगचा असतो. ८०० वॉटचा मायक्रोवेव्ह प्रत्यक्षात साधारण १२०० ते १३०० वॉट ओढतो, म्हणजे पाच-साडेपाच अँपिअर. कन्व्हेक्शनवर तोच २००० वॉटच्या पुढे, म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास जातो. असा ओव्हन ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा मिक्सरसाठी आणलेल्या एक्स्टेन्शनवर लावला की वाटेतच व्होल्टेज पडतं.

मल्टिमीटर असेल आणि वापरता येत असेल तर शेजारच्या सॉकेटमध्ये दोन वेळा मोजा: ओव्हन बंद असताना आणि सुरू असताना. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टच्या आसपास हवा. ओव्हन सुरू केल्यावर तीन-पाच व्होल्टची घट चालते. पंधरा-वीस व्होल्ट पडत असतील तर सॉकेट, प्लग किंवा न्यूट्रलचा सांधा सैल आहे. प्लग हाताला गरम लागणं ही त्याचीच दुसरी खूण, आणि ती लागली तर ओव्हन त्या सॉकेटवर वापरणं लगेच थांबवा. १६ अँपिअरचा सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर हवी. हे काम परवानाधारक वायरमनचं.

ओव्हन बंद असतानाही व्होल्टेज २०० च्या खाली असेल आणि शेजाऱ्यांकडेही तसंच असेल तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. शेतीपंप एकदम सुरू होणाऱ्या फीडरवर, दिंडोरी-निफाडच्या वस्त्यांवर, हे जास्त आढळतं. जुन्या ओव्हनच्या कार्डावर लहान लोखंडी ट्रान्सफॉर्मर असतो. बाहेरचं व्होल्टेज ज्या प्रमाणात पडेल त्याच प्रमाणात त्याचंही पडतं आणि आकडे लगेच मंद होतात. नव्या कार्डांवरचा एसएमपीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीचा वीजपुरवठा, बऱ्याच खालच्या व्होल्टेजपर्यंत तग धरतो. त्यामुळे एकाच घरात जुना ओव्हन मंद आणि इंडक्शन ठणठणीत असं चित्र दिसू शकतं.

६. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर ओव्हनचे आकडे फिके आणि थरथरणारे दिसतात.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर हे होणारच. ट्रान्सफॉर्मरवाल्या कार्डातून तेव्हा गुणगुण आवाजही येतो. महावितरणची वीज आल्यावर सगळं ठीक होत असेल तर दुरुस्ती नको. घरच्या इन्व्हर्टरवर ओव्हन किंवा इंडक्शन चालवू नका. नुसत्या घड्याळासाठी ओव्हनची लाइन इन्व्हर्टरला जोडली असेल तर ती काढून घ्या.

७. आठ-दहा वर्षांच्या ओव्हनचे हिरवे आकडे दरवर्षी फिके होत चालले आहेत. उपाय आहे का?

उपाय आहे की नाही, ते फिकेपणा कशामुळे आला यावर ठरतं. कारणं दोन, आणि दोन्ही बाहेरून जवळपास सारखीच दिसतात.

पहिलं कारण झीज. व्हीएफडीच्या आत हवा काढलेली असते. बारीक तारा तापून इलेक्ट्रॉन सोडतात, ते समोरच्या फॉस्फरच्या लेपावर आदळतात आणि लेप उजळतो. दोन्ही गोष्टी वापराने झिजतात: तारांवरचा लेप आणि फॉस्फर. ओव्हन दिवसातून दहा मिनिटं चालतो, घड्याळ मात्र चोवीस तास. वर्षाचे ८,७६० तास, म्हणजे दहा वर्षांत ८७,६०० तास. अन्न गरम करण्यापेक्षा वेळ दाखवण्यातच ही नळी संपते.

दुसरं कारण वीजपुरवठा. या नळीला दोन वेगळी व्होल्टेज लागतात: तारांसाठी साधारण २ ते ५ व्होल्ट आणि काड्यांसाठी २० ते ३५ व्होल्टच्या आसपास, बहुतेक कार्डांवर ऋण बाजूने. दुसऱ्या पुरवठ्यातला कॅपॅसिटर सुकला की व्होल्टेज खाली येतं आणि सगळंच मंद होतं.

फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. क्वचित पेटणारी चित्रं पेटवून बघा: डिफ्रॉस्ट, ग्रिल, वजनाचं चिन्ह, चाइल्ड लॉक. ही चित्रं ठळक आणि घड्याळाचे आकडे मंद असतील तर नळी झिजली, कार्डावरचा कुठलाही भाग बदलून ती उजळणार नाही. सगळंच सारखं मंद असेल तर पुरवठा तपासण्यात अर्थ आहे, आणि ती दुरुस्ती स्वस्तात होते. डावीकडचा तासाचा आकडा बघणंही उपयोगी पडतं. बारा तासांच्या घड्याळात तिथे फक्त १ येतो, म्हणजे उजव्या दोन काड्याच झिजतात. टायमर लावून तिथे ८ आणला आणि उजव्या काड्या मंद, डाव्या ठळक दिसल्या तर प्रश्न मिटला.

नळीच्या कोपऱ्यात काचेच्या आत आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे. अशी नळी फिकी होत नाही, थेट मरते.

झिजलेल्या नळीला सुटी नळी मिळणं अवघड. तिच्या पायांची रचना आणि चित्रं त्या मॉडेलपुरतीच असतात. व्यवहारात संपूर्ण कार्ड बदलतात किंवा त्याच मॉडेलच्या भंगारात निघालेल्या ओव्हनची नळी काढून लावतात. दुसरा मार्ग चालतो, पण भंगारातली नळीही तितकेच तास जळलेली असू शकते. पेटवून दाखवल्याशिवाय घेऊ नका.

८. व्हिडिओत दाखवतात की तारांना जास्त व्होल्टेज दिलं की नळी पुन्हा उजळते. खरं आहे का?

अर्धं खरं. तारा जास्त तापवल्या की त्यांच्यावरचा लेप काही काळ जास्त इलेक्ट्रॉन सोडतो आणि आकडे उजळतात. फॉस्फर झिजला असेल तर काहीच फरक पडत नाही. तारा केसाहून बारीक असतात, व्होल्टेज किंचित जास्त झालं की तुटतात. मग फिक्या आकड्यांच्या जागी अंधार. नळी तशीही टाकून द्यायची असेल तर मेकॅनिकला करू द्या. चालत्या ओव्हनवर नको. अंधारात तारा लालसर चमकताना दिसू लागल्या तर त्यांना प्रमाणाबाहेर व्होल्टेज मिळत आहे असं समजा.

९. इंडक्शन शेगडीचे लाल आकडे मंद आहेत, एक काडी तर दिसतच नाही.

इंडक्शनमध्ये काडी अचानक गेली की आकडा चुकीचा वाचला जातो, म्हणून हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. ८ चा ६ होतो, ९ चा ५ दिसतो, आणि १८०० वॉटवर तेल तापत असताना वाचणाऱ्याला १६०० दिसतात.

एलईडी आकडे एकाच वेळी सगळे पेटत नाहीत. कार्ड एकेक आकडा आळीपाळीने इतक्या वेगाने पेटवतं की डोळ्याला ते सलग वाटतं. यामुळेच प्रश्न १ मधली ओळख इथे इतकी नेमकी लागू पडते. एक काडी सगळ्या आकड्यांत गेली असेल तर त्या काडीचा रेझिस्टर, चालक चिपचा पाय किंवा जोडपट्टीतली एक तार. टीएम१६२८ किंवा ७४एचसी१६४ अशा चिप इथे सर्रास सापडतात आणि सुट्या मिळतात. एक आकडाच मंद असेल तर त्याचा ट्रान्झिस्टर. एकाच आकड्यातली एकच काडी गेली असेल तर तो एलईडीच गेला, आणि तेवढाच डिस्प्ले बदलता येतो. बदलताना आकड्यांची संख्या, पायांची संख्या, आकड्याची उंची आणि कॉमन अ‍ॅनोड की कॉमन कॅथोड हे चारही जुळलं पाहिजे. शेवटचं चुकलं तर एकही काडी पेटणार नाही.

सगळेच आकडे मंद असतील तर आधी वरच्या आणि खालच्या कार्डामधली जोडपट्टी. उतू गेलेलं दूध, भाताची पेज कडेच्या फटीतून आत झिरपते आणि कनेक्टरच्या पितळी पिना हिरव्या पडतात. मेकॅनिक त्या आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने साफ करतो. त्यानंतर पुरवठा: इंडक्शनमध्ये बहुधा १८ व्होल्ट पंख्यासाठी आणि आयजीबीटीसाठी (शेगडीच्या कॉइलची वीज चालू-बंद करणारा मोठा स्विच), ५ व्होल्ट कंट्रोलसाठी असतात. ५ च्या जागी साडेचार किंवा कमी मिळत असतील तर त्या लाइनचा कॅपॅसिटर किंवा रेग्युलेटर. अशा वेळी आकडे मंद होण्याबरोबर पंखाही हळू फिरत असेल तर दोष १८ व्होल्टच्या मुळाशी, एसएमपीएसमध्ये आहे. पंखा हळू असताना शेगडी वापरू नका. आयजीबीटी तापून फुटला की फ्यूजसकट बराच भाग जातो.

१०. हे मी घरी उघडून बघू शकतो का?

वजनकाटा आणि बॅटरीवरचा टायमर: हो. इंडक्शन: इलेक्ट्रॉनिक्सची सवय असेल तरच. मायक्रोवेव्ह ओव्हन: नाही, मग आत फक्त डिस्प्लेचा कॅपॅसिटर बदलायचा असला तरी नाही.

मायक्रोवेव्हमध्ये मॅग्नेट्रॉनसाठी, म्हणजे सूक्ष्मलहरी तयार करणाऱ्या भागासाठी, सुमारे ४००० व्होल्ट तयार होतात आणि एक मायक्रोफॅरडच्या आसपासचा मोठा कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. आत तो रिकामा करणारा रेझिस्टर असतो, पण तो तुटला असेल तर बाहेरून कळत नाही. प्लग काढून आठवडा झाला म्हणून तो रिकामाच असेल असंही धरू नका. डिस्प्लेचं कार्ड याच कव्हरखाली, हातभर अंतरावर असतं. घरातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा ही वस्तू उघडणं जास्त धोक्याचं आहे.

इंडक्शनमध्ये २३० व्होल्टचं डीसी होऊन साधारण ३२५ व्होल्ट होतात. शिवाय बहुतेक शेगड्यांत कंट्रोल कार्ड मेन लाइनपासून वेगळं केलेलं नसतं. म्हणजे आकड्यांच्या ५ व्होल्टच्या तारेला हात लागला तरी झटका घरातल्या लाइनचा बसतो. प्लग लावून झाकण उघडं ठेवून मोजमाप करणं हे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन लाइनपासून वेगळं करणारा ट्रान्सफॉर्मर) असलेल्या टेबलावरचं काम. प्लग काढून, दहा मिनिटं थांबून, मोठ्या कॅपॅसिटरवर मीटरने शून्याच्या जवळ व्होल्टेज आहे याची खात्री झाल्यावरच टाके आणि कनेक्टर बघा.

वॉरंटी चालू असेल तर स्क्रूलाही हात लावू नका (प्रश्न १७).

११. कॅपॅसिटर बदलायचा तर कुठला घ्यायचा?

मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा एक पायरी वरचे, आणि तापमान १०५ अंशांचं. बहुतेक गोंधळ शेवटच्या अटीत होतो, कारण ८५ अंशांचा भाग दोन रुपये स्वस्त मिळतो.

हिशेब असा: इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर दर १० अंश कमी तापला की आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांना २००० तास टिकणारा भाग ६५ अंशांना १६ पट, म्हणजे ३२,००० तास टिकतो. चोवीस तास चालू असलेल्या कार्डावर ही सुमारे तीन वर्षं आठ महिने झाली. ८५ अंशांना २००० तासांचा भाग त्याच जागी ८,००० तास टिकेल, म्हणजे अकरा महिने. उन्हाळ्यात बाहेर चाळीस अंश, ओट्यावर गॅस पेटलेला आणि ओव्हन भिंतीला टेकलेला, असं असेल तर आतलं तापमान ६५ पर्यंत जाणं नवलाचं नाही. शक्य असेल तर ५००० तासांचा घ्या.

बसवताना अंगावर पांढरा पट्टा असलेली बाजू ऋण. उलटा बसला तर फुगतो, कधी फुटतो. जुना फुगलेला दिसत नाही म्हणून तो चांगला असं नाही. सुकलेला कॅपॅसिटर बाहेरून तसाच दिसतो, मल्टिमीटरवर मायक्रोफॅरडही बरे दाखवतो, फक्त आतला रोध वाढलेला असतो. तो ईएसआर मीटरवरच कळतो. मेकॅनिककडे ते मीटर नसेल तर नवा लावून बघणं हीच तपासणी.

१२. वजनकाट्याचे आकडे फिके झालेत. वजन बरोबर येईल का?

भरवसा धरू नका. एलसीडीचे आकडे फिके होणं ही बॅटरी उतरल्याची पहिली खूण आहे, आणि उतरलेल्या बॅटरीवर वजनही सरकतं. सीआर२०३२ ही चपटी बॅटरी नवी असताना तीन व्होल्टच्या किंचित वर दाखवते. २.७ च्या खाली आली की बदला. दोन ‘ट्रिपल ए’ सेल लागत असतील तर दोन्ही एकदम बदला, एक नवा एक जुना चालत नाही.

संपर्काच्या पत्र्या खोडरबराने घासा, अल्कोहोलने पुसा, सेलचं अधिक-उणे बघून बसवा. काटा ओट्याच्या सपाट भागावर ठेवून रिकामाच सुरू करा, शून्य आल्यावर एक किलो मिठाचा न फोडलेला पुडा ठेवा. पिशवीचे काही ग्रॅम धरून आकडा पटला पाहिजे.

पापड, मसाले, चिवडा विकण्यासाठी काटा वापरत असाल तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही. विक्रीच्या काट्याला वैधमापन विभागाचा शिक्का लागतो आणि तो उघडणं हे परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं काम.

१३. नवी बॅटरी टाकली तरी एलसीडीचे अर्धे आकडे गायब आहेत.

एलसीडीची काच आणि कार्ड यांच्यामध्ये बहुतेक वेळा टाका नसतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक मऊ रबरी कांडी दोघांना जोडते. तिला झेब्रा पट्टी म्हणतात. ती सरकली, तिच्यावर धूळ बसली किंवा कार्डाचा स्क्रू ढिला झाला की काड्या गायब होतात. ओळखायची खूण: काचेच्या कडेवर बोटाने हलकं दाबलं की काड्या परत येतात.

कार्डाचे स्क्रू काढा, काच उचला, रबरी कांडीच्या दोन्ही कडा आणि कार्डावरच्या सोनेरी पट्ट्या अल्कोहोल लावलेल्या कापसाने एकाच दिशेने पुसा, पूर्ण सुकू द्या. कांडी परत बसवताना सरळ असली पाहिजे, पिळलेली नको. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. एकच बाजू पहिल्यांदा घट्ट केली की काच चिरते.

काचेवर शाईसारखा काळा डाग पसरला असेल तर काच फुटून आतला द्रव सरकला आहे. त्यावर इलाज नाही.

१४. पावसाळ्यात आकडे फिके होतात आणि दिवाळीनंतर आपोआप ठीक होतात.

दमटपणामुळे कार्डावर बसलेला तेल-धुळीचा थर ओल धरतो आणि वीज थोडी थोडी गळू लागते. त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या बाजूला, जिथे महिनोन्‌महिने भिंती ओल्या असतात, तिथे हे जास्त. ओव्हन भिंतीपासून किमान दहा सेंटिमीटर पुढे ठेवा, सिंकच्या आणि कुकरच्या वाफेच्या वाटेत नको. आठवडाभर वापर नसेल तरी प्लग पूर्ण काढून ठेवण्यापेक्षा मधूनमधून चालवलेला बरा, कार्ड किंचित उबदार राहतं. रिकामा मायक्रोवेव्ह मात्र चालवायचा नाही, आत कपभर पाणी ठेवा.

कोरडं झाल्यावर ठीक होतं म्हणून सोडून देऊ नका. दोन-तीन पावसाळ्यांत तांब्याच्या बारीक रेषा गंजतात. मेकॅनिककडून कार्ड एकदा अल्कोहोलने धुऊन वाळवून घ्या.

थंडीत उलट गोष्ट दिसते: निफाडकडे पारा एक आकडी झाला की एलसीडीचे आकडे हळू बदलतात, मागचा आकडा पुसट राहतो. हा बिघाड नव्हे. खोली तापली की जातं.

१५. डिस्प्लेच्या आत झुरळं फिरताना दिसतात!

कार्डाची ऊब त्यांना आवडते. त्यांची विष्ठा दमटपणात वीज वाहून नेते आणि टाके खाते, त्यातून काड्या मंद होणं, आपोआप बटण दाबलं जाणं असे प्रकार होतात. जाळीतून फवारा मारू नका. फवाऱ्यातला द्रव ज्वालाग्राही असतो आणि पडदाही दुधट करतो. प्लग काढून उपकरण दोन दिवस दुसऱ्या खोलीत ठेवा, ओट्याखाली झुरळांची जेल लावा, मग कार्ड साफ करून घ्या. जाळीची भोकं चिकटपट्टीने बुजवू नका, हवा तिथूनच जाते.

१६. मेकॅनिक म्हणतो पूर्ण कार्डच बदलावं लागेल. पटवून घ्यावं का?

कधी खरंच लागतं, कधी तो त्याचा सोपा मार्ग असतो. तीन गोष्टी विचारा. पुरवठ्याची व्होल्टेज मोजली का आणि किती आली? मंद आकडे कुठल्या पद्धतीचे आहेत (प्रश्न १)? जुनं कार्ड परत देणार का? आकडे न सांगता थेट ‘कार्ड गेलं’ म्हणणाऱ्याकडे घाई करू नका.

कार्ड बदलायचंच ठरलं तर उपकरणाच्या मागच्या पट्टीवरचं मॉडेल आणि कार्डावर छापलेला क्रमांक, दोन्हींचे फोटो काढा. एकाच मॉडेलच्या नावाखाली कार्डाच्या दोन-तीन आवृत्त्या निघालेल्या असतात, कनेक्टर बसतो पण बटणं उलटसुलट चालतात. निव्वळ टाक्याचं किंवा कॅपॅसिटरचं काम असेल तर सोल्डरिंगचा चांगला हात असलेला टीव्ही किंवा मोबाइल दुरुस्तीवालाही सुटं कार्ड हातात दिल्यावर करू शकतो. एम. जी. रोडला असे हात मिळतात. ओव्हनमधून कार्ड काढून देणं मात्र ओव्हनच्या मेकॅनिकनेच करावं.

घड्याळापुरता डिस्प्ले फिका असेल, बटणं आणि टायमर बरोबर असतील, तर काहीच न करणं हाही पर्याय आहे. ओव्हनला त्याने इजा होत नाही. इंडक्शनला आणि काट्याला हे लागू नाही, प्रश्न ९ आणि १२ पाहा.

१७. वॉरंटीत आहे, पण ‘फिकं पडणं हा दोष नाही’ असं सांगतात.

लेखी घ्या. भर दुपारच्या उजेडात एक आणि अंधारात एक असा व्हिडिओ काढा, बिल आणि वॉरंटी कार्डासह कंपनीला ईमेल करा, तक्रार क्रमांक जपा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. स्वतः झाकण उघडल्याची खूण असेल तर तुमची बाजू पडते.

१८. जुना ओव्हन किंवा कार्ड घंटागाडीत टाकलं तर चालेल?

ओल्या-सुक्या कचऱ्यात नको. कार्डावर शिसं असू शकतं आणि ओव्हनचा मोठा कॅपॅसिटर भरलेला असू शकतो. ई-कचरा स्वतंत्र द्या: नोंदणीकृत संकलकाकडे किंवा नवी वस्तू घेताना दुकानाच्या एक्स्चेंजमध्ये. भंगारवाल्याला ओव्हन उघडून तांबं काढू देऊ नका. त्यालाही तोच झटका बसेल.

१९. आकडे मंद नाहीत, उलट पेटायला नकोत त्या काड्याही पुसट पेटतात.

याला भूत-काड्या म्हणा हवं तर. एलईडीत चालक ट्रान्झिस्टर गळतो किंवा कार्डावर ओल असते, व्हीएफडीत ऋण व्होल्टेज बिघडलेलं असतं. आधी प्रश्न १४ मधली सफाई, मग मेकॅनिक. पूर्ण अंधारातच दिसणारी अगदी पुसट छटा मात्र बऱ्याच नव्या उपकरणांतही असते.

२०. लाइट जाऊन आल्यावर ०:०० लुकलुकतं. डिस्प्ले गेला?

नाही. घड्याळ लावायचं राहिलं आहे.

२१. मेकॅनिकला फोटो पाठवला तर त्यात अर्धे आकडेच नाहीत, डोळ्याला मात्र सगळे दिसतात!

प्रश्न ९ मध्ये सांगितलेली आळीपाळी. कॅमेऱ्याचा क्षण इतका छोटा असतो की त्या वेळी पेटलेलाच आकडा फोटोत येतो. फोटोवरून कुणी काड्या गेल्याचं सांगितलं तर मानू नका. अंधाऱ्या खोलीत काढला की कॅमेरा जास्त वेळ उघडा राहतो आणि सगळे आकडे येतात. व्हिडिओत आकडे लुकलुकताना दिसतात तेही याचमुळे.

२२. बाहेरून आल्यावर फ्रिजचं पॅनेल पूर्ण काळं दिसतं, पाच मिनिटांनी ठीक होतं.

गॉगल काढला का? पोलराइज्ड काचांतून एलसीडी ठरावीक कोनात काळी दिसते. मान तिरकी करा, आकडे दिसतील.